जपून म्हणजे काय

८ एप्रिल

आज मोठ्या सिस्टर दुकानात आल्या. मला वाटलं चष्मा मोडला असेल. शुश्रूषा केंद्रातल्या निम्म्या लोकांचे चष्मे आमच्या दुकानातूनच जातात, आणि सिस्टरांचा चष्मा तर कोणी ना कोणी आजोबा अधूनमधून ओढून काढतातच. पण त्या काउंटरपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताईंबद्दल बोलायचंय. बसून बोलू या का?"

त्यांना डोळे तपासायच्या खोलीत नेलं. दुसरी जागा नव्हती. त्या पेशंटच्या खुर्चीत बसल्या, मी माझ्या स्टुलावर.

त्या जे बोलल्या ते लिहून ठेवते. मेंदूचा झटका आल्यापासून माझ्या ताईला गिळायला त्रास होत होता. पातळ पाणी घशाऐवजी श्वासनळीत उतरायची भीती, म्हणून पावडर घालून दाट केलेलं पाणी, ताठ बसवून, चमच्याचमच्याने द्यायचं होतं. दिवसभराचं मिळून मात्र नेहमीइतकंच. कमी नाही. पाळी बदलताना सिस्टर संध्याकाळच्या मावशींना म्हणाल्या होत्या, "ताईंना पाणी जपून द्या." (तिथे सेविकांना सगळे मावशीच म्हणतात.) सिस्टरांच्या मनात होतं, सांभाळून द्या. मावशींना कळलं, बेताने द्या. सकाळी ताईला ते दाट पाणी नकोसं व्हायचं, ती प्यायची ते संध्याकाळीच, आणि संध्याकाळी तिला दोन-तीन चमच्यांवर थांबवलं जात होतं. उन्हाळ्याचे दिवस. अंगातलं पाणी आटत गेलं, संसर्ग झाला, तो रक्तात पसरला. पुढचं मला माहीत आहे.

"चूक मावशींची नाही," सिस्टर म्हणाल्या. "शब्द माझा होता. चौकशीत हे बाहेर आलं तेव्हा मीच म्हटलं, घरच्यांना मी सांगणार. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

मी काय बोलले? "बरं" म्हणाले. मग विचारलं, चहा घेणार का. तर त्याच रडायला लागल्या. मी समोरचा अक्षरांचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत वाचला.

१० एप्रिल

भाच्याला फोनवर सगळं सांगितलं. तो दूर राहतो. आईच्या शेवटच्या दिवशी पोचू शकला नाही, ते त्याला आतून खातंय. "एका शब्दावरून? माऊ, एका शब्दावरून माझी आई गेली?" तक्रार करणार म्हणाला. मी म्हटलं, कर. तर माझ्यावरच उखडला, "तू चिडत का नाहीस गं? तुला रागसुद्धा शांतपणेच येतो का?"

त्याचं चुकलं नाही. मला राग आला की तो कुठे जाऊन बसतो ते मलाच सापडत नाही. ताई मला उगाच 'मुकी' म्हणायची नाही.

दिवसभर तो शब्द डोक्यात घोळत राहिला. काच जपून ने, म्हणजे कमी काच ने असं नाही. साबण जपून वापर, म्हणजे मात्र कमीच वापर. सांगणाऱ्याला वाटतं, यात न कळण्यासारखं काय आहे. ऐकणाऱ्यालाही तसंच वाटतं. दोघंही निश्चिंत.

आणि ताईचा प्रत्येक फोन याच शब्दावर संपायचा. "ठेवते मुके. जपून." ते आज लिहायचं नव्हतं.

१३ एप्रिल

ताईच्या वस्तू आणायला गेले. शाल, रेडिओ, कंगवा, मी करून दिलेला चष्मा. तिच्या खाटेवर अजून कोणी आलेलं नाही. शेजारच्या खाटेवर राणीसरकार होत्या. हे नाव ताईनेच ठेवलेलं. उभ्या आयुष्यात त्यांनी शिवणकामाचा कारखाना चालवला, आता खाटेवरून केंद्र चालवतात.

"ये. बस. शाल नीट घडी कर, चुरगळू नकोस," त्यांनी एका दमात तीन हुकूम सोडले. मग हळूच म्हणाल्या, "तुझी बहीण गेल्यापासून मला टोकायला कोणी नाही. अगदी माजलेय मी."

गेल्या महिन्यापासून त्यांनाही गिळायला त्रास आहे. तेच दाट पाणी, तोच चमचा. "पाणी कसलं, डिंक आहे नुसता. पत्रं चिकटवा म्हणावं याने."

मी तिथे असतानाच पाळी बदलली. मोठ्या सिस्टर रजेवर होत्या. बदली सिस्टर दारातून आत डोकावल्या आणि नव्या मावशींना म्हणाल्या, "आणि हो, यांना पाणी जपून हं."

माझ्या हातून रेडिओ खाटेवर पडला. त्या सिस्टर हसून "लागलं नाही ना?" म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ज्या शब्दाने एक माणूस गेलं तो त्याच खोलीत, शेजारच्या खाटेसाठी, तसाच फिरतोय.

मी धावत मागे गेले नाही, मला तसं जमत नाही. पण मावशींना थांबवलं आणि नीट सांगितलं, ताठ बसवून, चमच्याने, पण हवं तेवढं. त्या म्हणाल्या, "अस्सं होय! मला वाटलं कमी द्यायचंय."

१४ एप्रिल

सकाळीच व्यवस्थापकांकडे गेले. माणूस वाईट नाही. ताई गेल्यापासून त्यांचं वजन उतरलंय, चष्मा नाकावरून घसरतो. तो मी आधी घट्ट करून दिला, मग बोलले.

ते म्हणाले, फलकावर सूचना लावणारच आहोत. कागद दाखवला. 'रहिवाशांच्या द्रवसेवनविषयक सूचनांच्या संप्रेषणप्रक्रियेत आवश्यक त्या सुधारणा करण्यात येत आहेत.' मी दोनदा वाचला. विचारलं, "हे वाचून मावशींनी काय करायचं?"

त्यांनी कागद पालथा घातला. "खरं सांगू का? हे कोणी घाबरू नये म्हणून असं लिहिलंय."

नंतर राणीसरकारांना तो कागद वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगंबाई! हे कोणाला झालंय?"

व्यवस्थापकांना मी ताईचं सांगितलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. पलीकडून कोणी नंबर सांगितला की ती "पुन्हा सांगते" म्हणून आकडा न् आकडा म्हणून दाखवायची, आणि पलीकडचा "बरोबर" म्हणाल्याशिवाय पुढे जायची नाही. नोकरीत एक नंबर चुकला नाही तिचा. ही सवय घरीही. दोन कप चहा सांगितला तरी, "पुन्हा सांगते, दोन कप चहा, एक बिनसाखरेचा." भावोजी सांगायचे, "मी हिला फोनवरच लग्नाचं विचारलं. तर ही म्हणते, पुन्हा सांगते, लग्न करशील का. बरोबर?"

व्यवस्थापक हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "हे पाळी बदलताना करता येईल."

इतकं सलग मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. बाहेर येऊन पायरीवर बसले. ताईचा अभिमान मला नेहमीच होता, पण तो घरातल्या घरात. आज पहिल्यांदा तो कोणासमोर तरी बोलून दाखवला.

१७ एप्रिल

संध्याकाळच्या मावशी भेटल्या. त्यांनी स्वतःच मागून घेऊन कपडे धुण्याच्या खोलीत काम घेतलंय. माणसांना हात लावायचं नको म्हणतात. मला पाहून हातातली चादर तशीच धरून उभ्या राहिल्या.

"मी जपलं हो त्यांना," म्हणाल्या. "जीव तोडून जपलं. कोणी चुकून देऊ नये म्हणून पाण्याचा जग कपाटात ठेवायची मी. त्या मागायच्या तर म्हणायची, ताई, तुमच्याच भल्यासाठी."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी घडी केली. मग दुसरी केली. सगळ्या चादरी संपेपर्यंत केल्या.

२२ एप्रिल

'पुन्हा सांगते' सुरू झालं! पाळी बदलताना मुद्दाम गेले. सगळ्या लाजत होत्या, एकमेकींना कोपर मारत होत्या, पण म्हणत होत्या. "पुन्हा सांगते, तीन नंबरच्या आजोबांची कूस बदलायची." "बरोबर!" आचाऱ्यालासुद्धा लागण झाली. "पुन्हा सांगतो, मीठ कमी, बडबड जास्त." राणीसरकार म्हणाल्या, "पोपटांची शाळा भरलीय. पण ऐकायला बरं वाटतं. तुझी बहीण खोलीभर झाल्यासारखी वाटते."

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. मोठ्या सिस्टर याला 'ताईंची पद्धत' म्हणतात. शेजारणीला बोलावून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही, पण वाटलं.

२८ एप्रिल

काल रविवार होता. बदली सिस्टर पुन्हा बोलून गेल्या, "राणीसरकारांना पाणी जपून." रविवारच्या मावशी नव्याने आलेल्या. त्यांनी अगदी नेमाने म्हटलं, "पुन्हा सांगते, राणीसरकारांना पाणी जपून." सिस्टर म्हणाल्या, "बरोबर."

बरोबर!

संध्याकाळच्या मावशी धुतलेल्या चादरी घेऊन वर गेल्या. राणीसरकारांचे ओठ एकमेकांना चिकटलेले आणि जग काठोकाठ भरलेला. राणीसरकार हुकूम सोडत नव्हत्या, यावरूनच मावशींनी ओळखलं. चादरी तिथेच टाकून आरडाओरडा केला. डॉक्टर आले, सलाइन लावली. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. आज जरा बऱ्या आहेत, पण माझ्याकडे पाहून नुसतं एक बोट हलवलं. एकही हुकूम नाही.

ताईची पद्धत हरली. मीच ती तिथे नेली आणि सगळे निश्चिंत झाले. एक्स्चेंजमध्ये सात म्हणजे सातच असायचा. इथे 'जपून' परत केला तरी 'जपून'च येतो. खोटं नाणं परत केलं तरी खोटंच.



३० एप्रिल

मोठ्या सिस्टरांचा चष्मा खरंच मोडला. दोन नंबरच्या आजोबांनी. दुसरा करायचाच आहे तर डोळेही तपासू म्हटलं.

खुर्चीत बसवलं, चाचणीची फ्रेम नाकावर चढवली, भिंगं घातली. "खालची ओळ?"

"दिसतेय."

मी सगळ्यांना म्हणते तेच म्हटलं. "दिसतेय का ते नाही विचारलं. काय दिसतंय ते सांगा." दिसतंय का विचारलं की माणूस हो म्हणतो. त्यात लबाडी नसते, त्याला खरंच दिसत असतं, फक्त भलतं दिसत असतं.

"न, म, घ, र."

"ध आहे."

 मी एका डोळ्याचं भिंग पुसायला काढलं. तर सिस्टर म्हणाल्या, "मी तर दिसतेय म्हणून मोकळी झाले होते." आणि एकदम उठल्या. "मी विचारायला हवं, काय करणार ते सांगा! शब्द परत नकोय मला. काय करणार ते हवंय!" आणि ती चाचणीची फ्रेम नाकावर तशीच ठेवून, एका डोळ्याला भिंग आणि दुसरा मोकळा, दाराबाहेर रस्त्यावर. मी मागे ओरडले, "सिस्टर, फ्रेम!" आज मात्र मी धावले आणि ओरडलेही. समोरचा केशकर्तनालयवाला कात्री हातात धरून बघत राहिला.

तेव्हा आता असं ठरलं. सांगणाऱ्याने सांगायचं. ऐकणाऱ्याने विचारायचं, "म्हणजे काय?" आणि मग स्वतःच्या शब्दांत, हातांनी करून दाखवत, आपण काय करणार ते बोलायचं. ते नीट जमलं तरच 'बरोबर'.

सिस्टरांना छान सुचलं. ताईची पद्धत आता पुरी झाली. माझं त्यात काही नाही, मी भिंगं बदलत होते.

६ मे

रविवारी नातेवाइकांची सभा आहे. ताईचं काय झालं ते सगळ्यांना सांगायचं ठरलंय. व्यवस्थापक म्हणाले, मी सांगितलं तर कागदासारखं होईल, तुम्ही सांगाल का? मी नाही म्हणणार होते. तोंडातून "बघते" निघालं.

भाच्याला कळवलं. "म्हणजे तू त्यांच्या बाजूने बोलणार?" मी म्हटलं, राणीसरकारांच्या बाजूने. तो म्हणाला, त्या कोण? मी म्हटलं, तुझ्या आईने नाव ठेवलेल्या.

भाषण लिहून काढलं. चार वेळा. चारही वेळा व्यवस्थापकांच्या कागदासारखं झालं. फाडून टाकलं.

११ मे

सभा झाली. जेवणाच्या मोठ्या खोलीत, खुर्च्या कमी पडल्या. मी उभी राहिले आणि पहिलंच वाक्य अडकलं. पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत राणीसरकार. "मोठ्याने!" म्हणाल्या. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मग मी सांगितलं. माझी बहीण इथे होती. तिला पाणी जपून द्या असं सांगितलं गेलं. सांगणाऱ्या चांगल्या होत्या, ऐकणाऱ्या चांगल्या होत्या, दोघींनी आपापल्या परीने तिला जपलंच. त्यात ती गेली. राणीसरकारांच्या बाबतीत तेच पुन्हा होणार होतं. तुमच्याही माणसाबाबत होऊ शकतं. पाण्याबाबत, गोळीबाबत, पलंगावरून उतरण्याबाबत.

मागून एक गृहस्थ उठले, हातात हेल्मेट. "अहो, आम्ही विश्वासाने माणूस ठेवलंय इथे. हे असलं सांगून आम्हाला घाबरवता कशाला?"

मी म्हटलं, "घाबरा थोडं. मग विचारा."

"काय विचारू?"

"म्हणजे काय, एवढंच. 'वडिलांवर लक्ष आहे आमचं' असं कोणी म्हणालं तर विचारा, म्हणजे काय करता? राग येणार नाही कोणाला. आला तर माझ्या दुकानात पाठवा."

कोणीतरी हसलं. पण हेल्मेटवाले बसले नाहीत. ते मोठ्या सिस्टरांकडे वळले. "माझे वडील दोन नंबरला. गेल्या वेळी तुम्ही म्हणालात, 'त्यांना फार फिरू देत नाही आम्ही.' म्हणजे काय?"

 सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे एकटे फिरू देत नाही. कोणी सोबत असेल तर सकाळ-संध्याकाळ चालवतो."

"मी समजत होतो बसवून ठेवता." ते खाली बसले. "म्हणून मी त्यांना फोनवर रोज सांगतोय, बाबा, उठू नका."

मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या संध्याकाळच्या मावशी पुढे आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. ओल्या हातांनीच. "जग कपाटात ठेवणारी मी," म्हणाल्या. "मी विचारलं नाही. विचारलं तर म्हणतील, एवढंही कळत नाही का. म्हणून नाही विचारलं. आता मी सगळ्यांना विचारते. साहेबांनाही विचारते." व्यवस्थापक म्हणाले, "हो, विचारतात. कालच सुट्टीच्या अर्जावर विचारलं." आणि सगळेच हसले, मावशीसुद्धा, डोळे पुसत.

दाराशी भाचा उभा होता. येणार म्हणून बोलला नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाला, "तक्रार मी करणारच आहे, माऊ."

"कर."

"शब्दाची करणार आहे. माणसाची नाही. मावशींचं नाव घालत नाही." मग म्हणाला, "आई म्हणायची, मुकी एकदा बोलली की पुरे. मला कधी ऐकायला मिळालं नव्हतं."

मी म्हटलं, मी काही बोलले नाही, सगळं तुझ्या आईचंच होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. दमला असावा प्रवासाने.

२४ मे

संध्याकाळच्या मावशी पुन्हा वर, माणसांत कामाला लागल्या. राणीसरकारांनी हुकूमच काढला होता, मला दुसरी कोणी नको.

आज नवे डॉक्टर आले होते. तरुण, घाईत. राणीसरकारांना तपासून जाता जाता म्हणाले, "यांना चालवताना जरा जपून."

मावशी, मोठ्या सिस्टर, खुद्द राणीसरकार आणि पलीकडच्या खाटेवर नव्याने आलेल्या आजी, चौघी एका सुरात, "म्हणजे काय?"

डॉक्टर दारातच दचकले. परत आत आले. डाव्या पायात जोर कमी आहे, डाव्या बाजूने धरा, बूट घालूनच चालवा, हे सगळं सांगितलं. मावशींनी राणीसरकारांना उभं करून, डावीकडून धरून, दाखवलं. "बरोबर," डॉक्टर म्हणाले. जाताना विचारत होते, "ही पद्धत कोणाची?"

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्या ताईची." फार बरं वाटलं म्हणताना. राणीसरकार का खिदळल्या कोण जाणे.

निघाले तेव्हा मावशी दारापर्यंत आल्या. "बरंय मग. जपून जा हं."

मी पायरीवर थांबले. हा शब्द निरोप घेताना मला ताईशिवाय दुसऱ्या कोणी कधी म्हटला नव्हता.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

मावशी गोंधळल्या नाहीत. "खालच्या दोन पायऱ्या आत्ताच धुतल्यात, कठडा धरा. फाटकाशी गाड्या जोरात येतात, उजवीकडे बघून मगच रस्ता ओलांडा. आणि घरी पोचलात की फोन करा. मी वाट बघीन."

"पुन्हा सांगते," मी म्हटलं. "कठडा धरायचा. उजवीकडे बघायचं. पोचल्यावर फोन करायचा."

"बरोबर."

कठडा धरला. उजवीकडे बघितलं. पोचल्यावर फोन केला.